डावीकडची कड

९ सप्टेंबर

चि. पक्कड,

आशीर्वाद. तू धाडलेला प्रिंटर पानं खातो आहे. सगळी नाही, डावीकडची कड तेवढी. ओळीच्या सुरुवातीची दोन-तीन अक्षरं छापलीच जात नाहीत. उजवीकडे मात्र सगळं व्यवस्थित. पंधरा दिवस झाले. आधी वाटलं कागद तिरका गेला असेल, मग वाटलं शाई संपत आली असेल. कागद बदलला, शाई बदलली, दोनदा शिव्याही घालून झाल्या. ढिम्म.

चाळीस वर्षं छपाईच्या मशीनशेजारी बसून मुद्रितं वाचल्यामुळे माझे कान कधीच कामातून गेलेत, तेव्हा फोन नको, पत्रच बरं. तू त्या लांबच्या गावात दिवसभर लोकांच्या ऑफिसातली यंत्रं दुरुस्त करतेस. मामाचं एक यंत्र पत्राने दुरुस्त कर. लहानपणी माझं घड्याळ पकडीने उघडलंस ते अजून बंद आहे. त्याची भरपाई समज.

घाई का आहे तेही सांगतो. अवजारकोशाचा चौथा आणि शेवटचा खंड माझ्या टेबलावर आहे. सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, सगळ्यांच्या हत्यारांची नावं डावीकडे आणि त्यांचे अर्थ उजवीकडे. एकोणीस वर्षं चाललंय हे काम. पहिल्या तिन्ही खंडांचं शेवटचं वाचन मी केलं. संपादक गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मला बोलावून म्हणाले होते, चौथाही तुमच्याच नजरेखालून जाऊ द्या. छापखान्यातल्या नव्या व्यवस्थापकाला मी नकोसा झालोय. त्याच्या मते चुका आता कॉम्प्युटर शोधतो, म्हाताऱ्यांनी नातवंडं खेळवावीत. आम्हाला नातवंडं नाहीत हे त्याला कोण सांगणार? त्याने नोव्हेंबरअखेरची मुदत दिली आहे. तीनशे चाळीस पानं. छापखान्यातून फाइल येते, मी बटण दाबून ती कागदावर काढतो आणि लाल शाईने वाचतो. पडद्यावर वाचणं मला जमत नाही, त्यामुळे सगळं घोडं या प्रिंटरपाशी अडलंय.

हा खंड माझ्या हातून पुरा व्हावा, एवढीच माझी आता इच्छा आहे. बाकी काही मागणं उरलेलं नाही. लवकर उत्तर पाठव.

तुझा मामा


१७ सप्टेंबर

मामा,

नमस्कार. घाबरू नका. पानाची कड कापली जाते ही तक्रार घेऊन माझ्याकडे आठवड्याला चार जण येतात आणि दहातल्या नऊ वेळा कागदाचं माप चुकलेलं असतं. ट्रेमध्ये एक माप असतं आणि कॉम्प्युटरला वाटतं दुसरंच आहे. पान छापायचं बटण दाबलं की एक चौकट उघडते. तिथे कागदाचं माप ‘ए-फोर’ आहे का बघा, आणि ‘पानात बसवा’ असं जिथे लिहिलंय तिथे बरोबरची खूण करा. मग ट्रे बाहेर ओढा. कागदाच्या दोन बाजूंना निळ्या पट्ट्या आहेत, त्या कागदाला टेकेपर्यंत सरकवा. घट्ट आवळू नका, कागद वाकतो.

दोन गोष्टी कळवा. पडद्यावर पान पूर्ण दिसतं का? आणि कापलेलं एखादं पान मला पाठवता येईल का? डोळ्यांनी पाहिलं की मला लगेच कळेल.

तुमच्याऐवजी दुसरं कुणी असतं तर मी आधी चष्मा पुसायला सांगितलं असतं. पण शाळेतली निबंधाची वही मी तुमच्यापासून लपवून ठेवायचे, कारण बाईंना न सापडलेल्या अकरा चुका तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता दाखवल्या होत्या. तुमच्या नजरेला नाही म्हणायची माझी छाती नाही. तेव्हा दोष यंत्राचाच, आणि यंत्राचा दोष सापडतोच.

पक्कड


१ ऑक्टोबर

चि. पक्कड,

तू सांगितलंस ते सगळं केलं. माप ए-फोरच होतं. खूण केली, पट्ट्या सरकवल्या. दोन दिवस पानं पूर्ण आल्यासारखी वाटली. तुझ्या मामीला म्हणालो, बघ, माझी भाची. तिसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या, आणि आता तर आधीपेक्षा जास्त. पूर्वी दोन-तीन अक्षरं जायची, आता अख्खा शब्द जातो. पानावर नुसते अर्थ राहतात. ‘लाकूड तासण्याचे हत्यार’ असं छापलेलं असतं, पण कुठलं हत्यार त्याचा पत्ता नाही. पानामागून पान असे बेवारशी अर्थ वाचतोय. मला रडू येतं, खोटं कशाला सांगू?

पडद्यावर वाचत नाही, पण तू म्हणालीस म्हणून पाहिलं. तिथेही डावीकडचं कापलेलंच दिसतं.

पान मात्र पाठवता येणार नाही. वाचून सही होईपर्यंत मुद्रित दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखाली जाऊ द्यायचं नाही, हा नियम मी चाळीस वर्षं पाळलाय. तुझी मामी माझ्या टेबलावरची धूळ पुसते तीसुद्धा मी कागदांवर कापड टाकल्यावर. आता शेवटच्या खंडाला तो मोडू का?

तुझं उत्तर यायच्या आत धीर सुटला म्हणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं होतं. त्याला मी पाढ्यांचं एक पान छापून दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, काका, मशीन ठणठणीत आहे, पान पूर्ण आलंय. माझ्या डोळ्यांदेखत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पानाची कड गायब आणि हा म्हणतो पूर्ण आहे. मी त्याला दार दाखवलं.

बाकी ठीक. तुझी मामी हल्ली वाढताना हात आखडता घेते, अर्धं ताट रिकामंच असतं. विचारलं तर माझ्याकडे बघत राहते. दाराची चौकट खांद्याला लागून काळंनिळं झालंय. घर तेच, दार तेच, मीच धांदरट झालोय. आणि तू पत्र जरा सावकाश लिहीत जा. घाईत शब्द गाळतेस, वाक्यं जुळवत बसावी लागतात.

मामा


९ ऑक्टोबर

मामा,

शब्द गाळल्याबद्दल कान धरते. हे पत्र मोठ्या अक्षरात, सावकाश लिहितेय.

त्या मेकॅनिकचं मनावर घेऊ नका. मी ही जात ओळखते. ज्याला दोष सापडत नाही तो म्हणतो दोषच नाही, आणि पाच मिनिटांत पिशवी उचलून चालू पडतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे परवडले, हे अंगणच नाही म्हणतात. तुम्ही दार दाखवलंत ते उत्तम केलंत.

पडद्यावरही कापलेलं दिसतं हे फार कामाचं सांगितलंत. आता एक करा. कॉम्प्युटरची वायर प्रिंटरमधून काढा आणि प्रिंटरवरचं गोल बटण मोजून पाच सेकंद दाबून धरा. तो स्वतःचं चाचणीचं पान काढेल. त्यात चारी बाजूंनी काळी चौकट असते आणि मधे आकडे. ते कोशाचं पान नाही, तेव्हा तुमचा नियम मोडणार नाही. ते मला पाठवा. चौकटीची डावी रेघ नसेल तर दोष प्रिंटरचा, असेल तर कॉम्प्युटरचा.

मीच आले असते, पण इथल्या तीन ऑफिसांची सगळी यंत्रं एकदम बदलायचं काम माझ्या गळ्यात आहे आणि तुमच्याकडे यायचं म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. हे आटोपलं की नक्की येते.

जाता जाता एक. तुम्ही हल्ली पत्रात डावीकडे केवढा समास सोडता! ओळ सुरू होते ती कागदाच्या मधोमध. कागद स्वस्त झाला की काय तुमच्याकडे?

पक्कड


२० ऑक्टोबर

चि. पक्कड,

सोबत चाचणीचं पान आहे. तुझी काळी चौकट तीनच बाजूंची निघाली. पान कुठून कापलं गेलंय तिथे मी लाल रेघ मारून ठेवली आहे, म्हणजे तुला शोधत बसायला नको. समास मी नेहमीसारखाच सोडतो, बोटभर. मामाची थट्टा पुरे.

दिवस संपत चाललेत आणि मी शंभराव्या पानाशीच आहे. व्यवस्थापकाने निरोप पाठवला की झेपत नसेल तर कळवा, आम्ही कॉम्प्युटरकडून तपासून घेतो. मी त्याला प्रिंटरचं कारण सांगणार नाही. म्हणेल, म्हातारा सबबी सांगतो.

म्हणून मी एक ठरवलंय. शब्द छापले जात नसतील तर ते मी हाताने लिहीन. एकोणीस वर्षं या कोशाबरोबर काढली आहेत, अर्थ वाचला की शब्द आपोआप पुढे येतो. ‘भिंत उभ्या रेषेत सरळ आहे का पाहण्याचे’ म्हटलं की मला विचार करावा लागत नाही. प्रत्येक पानावर, जिथे छपाई कापली आहे तिथे लाल शाईने शब्द भरायचा आणि मग पुढचा अर्थ तपासायचा. दुप्पट काम आहे, पण खंड माझ्या हातून जाईल. तुला काय वाटतं? तू होय म्हणालीस तर मला बळ येईल.

मामा


२९ ऑक्टोबर

मामा,

चाचणीचं पान मिळालं. मी ते दुकानातल्या दिव्याखाली धरून पाहिलं, पट्टीने मोजलं. चौकट चारी बाजूंनी पूर्ण आहे. तुम्ही बहुतेक दोन-तीन पानं काढलीत आणि त्यातलं चांगलं निघालेलं पाकिटात गेलं. तुमची लाल रेघ पानाच्या मधोमध आहे, म्हणजे एरवी कुठवर कापलं जातं ते त्यावरून कळलं. इतकं कापलं जात असेल याची मला कल्पना नव्हती.

पण वायर काढल्यावर पान पूर्ण येतं, म्हणजे प्रिंटर निर्दोष. दोष कॉम्प्युटरमध्ये आहे, पडद्यावरही कापलेलं दिसतं ते म्हणूनच. प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम खराब झालाय. तो काढून नवा घालावा लागेल, आणि ते पत्राने सांगण्यासारखं नाही. डिसेंबरात मी येईन तेव्हा करीन.

तोवर तुमचा विचार मला पटला. शब्द भरा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी वेडात काढलं असतं, पण हा कोश तुमच्याइतका कुणाला पाठ आहे? यंत्राने दगा दिला तरी माणूस अडत नाही हे त्या व्यवस्थापकाला एकदा कळू दे. माझं शंभर टक्के होय.

पक्कड


२७ नोव्हेंबर

चि. पक्कड,

झालं. तीनशे चाळीसही पानं. पाच हजारांवर शब्द हाताने भरले, एकाही ठिकाणी अडलो नाही. डावा हात थोडा जड पडलाय, बहुतेक टेकून बसल्यामुळे. शेवटच्या पानावर सही केली आणि आज गठ्ठा छापखान्यात पोचवला. मुदतीच्या तीन दिवस आधी.

तुझी मामी विचारत होती की इतके का हसताय. संपादकांना दिलेला शब्द पाळला गेला, म्हणून. इतकं समाधान मला कधी वाटलं नव्हतं. तुझ्या होकारामुळे झालं हे, माझ्या पोरी.

मामा


१६ डिसेंबर

पोरी,

मी मामी लिहितेय. मला पत्र लिहायची सवय नाही, पण फोनवर हे बोलवलं नसतं, समजून घे.

ह्यांचा गठ्ठा परत आला. व्यवस्थापक स्वतः घेऊन आला होता. मला वाटलं भांडायला आलाय. पण तो चपला काढून आत आला, बसला आणि गठ्ठ्याची दोरी सोडली. मग म्हणाला, काकू, तुम्ही हे पाहिलंय का? मी म्हटलं, ह्यांचे कागद मी पाहत नसते. तो म्हणाला, आता पाहा.

पोरी, पानं पूर्ण होती. सगळीच्या सगळी. डावीकडे शब्द नीट छापलेले होते, ठळक अक्षरात. आणि पानाच्या मधोमध, छापलेल्या अर्थांवरच, ह्यांनी तेच शब्द लाल शाईने पुन्हा लिहिले होते. खालचं काही वाचता येत नव्हतं. शब्द मात्र सगळे बरोबर होते. एकही चुकला नव्हता, असं तो व्यवस्थापक म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

मी ह्यांना पान दाखवलं, डावीकडच्या छापलेल्या शब्दावर बोट ठेवलं. माझं बोट कुठे आहे तेच ह्यांना सापडेना.

मग दवाखाना झाला. डोळे चांगले आहेत म्हणे. डोक्यात उजव्या बाजूला गाठ आहे आणि ती वाढतेय. त्यामुळे ह्यांच्यासाठी डावी बाजू उरलेलीच नाही. डावीकडे काही असतं हेच डोक्याला ठाऊक नाही, म्हणून नसल्याचंही कळत नाही. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, प्रिंटर बिघडला तेव्हापासून. ते म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर गाठ काढता आली असती. आता हात लावण्यात अर्थ नाही. डावा हात गेलाच आहे, पायही जाईल. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ह्यांना सांगून पाहिलं. लिहूनही दाखवलं. म्हणतात, डॉक्टरला प्रिंटरमधलं काय कळतं?

मला दिसत होतं गं. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं. ताट फिरवलं की ते जेवायचे. मी म्हटलं, म्हातारपणाचे नखरे. मी रोज ताट फिरवत होते आणि तुला एक ओळ लिहिली नाही. ह्या वयात नवऱ्याच्या जेवणाच्या तक्रारी भाचीला काय लिहायच्या, असं वाटलं.

मामी


२२ डिसेंबर

मामा,

दोष सापडला. प्रिंटर चांगला आहे, कॉम्प्युटर चांगला आहे, त्या बिचाऱ्या मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं. चोर सोडून मी संन्याशाला सुळावर चढवलं. दोष तुमच्या दुखण्यात आहे मामा, आणि त्या दुखण्याने मला सप्टेंबरपासून तुमच्याच हातून पत्रं लिहिली.

मी ती सगळी काढून पुन्हा वाचली. खांदा लागतो, ताट अर्धं, माझ्या पत्रातले शब्द गळतात, समास वाढतोय. सगळं तुम्ही सांगितलं होतंत. लाल रेघेचं पान तर मी पट्टीने मोजलं होतं. माझी उत्तरं काय होती ते मला आठवतंय. ट्रे, पट्ट्या, माप, वायर. चार महिन्यांत ‘मामा, तुम्ही कसे आहात’ एवढं एक वाक्य मी लिहिलेलं नाही. तुमची नजर चुकेल हे माझ्या मनाला शिवलंच नाही, आणि वर शब्द भरा म्हणून होकारही मीच दिला.

काम टाकून निघतेय. तिकीट दोन तारखेचंच मिळालंय. चार तारखेला पोचते.

तुमची पक्कड


२९ डिसेंबर

पोरी,

तुझं पत्र ह्यांनी माझ्या हातातून ओढून घेतलं. मी नको म्हणत होते. बराच वेळ वाचत बसले होते. मला वाटलं आता कळेल सगळं, आणि मी पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी राहिले.

ह्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. म्हणाले, “दोष सापडला म्हणते. मी म्हणत नव्हतो? चार तारखेला येतेय दुरुस्त करायला.” पुढचं त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. तेव्हापासून माझ्यामागे लागलेत, टेबल पुसून ठेव, नवी शाई आण, कोऱ्या कागदांचा गठ्ठा फोड. व्यवस्थापकाला निरोप द्यायचा की खंड पुन्हा नीट वाचून देतो, फक्त चार तारखेपर्यंत थांबा.

खंड गेल्या सोमवारीच छापायला गेला. कुणी वाचला नाही, कॉम्प्युटरने तपासला. व्यवस्थापकाने मला येऊन सांगितलं, म्हणाला, मला वरून थांबू दिलं नाही. मी ते ह्यांच्यासाठी पाटीवर लिहायला घेतलं होतं. पहिला शब्द लिहिला आणि पुसून टाकला.

आता उठता येत नाही, पण बसवलं की बसतात. बोलणं स्पष्ट आहे. डॉक्टर म्हणतात तेही फार दिवस राहणार नाही.

हे पत्र तू निघायच्या आत मिळावं म्हणून स्पीडपोस्टने धाडतेय. तू रिकाम्या हातांनी येऊ नकोस. दुकानातला कुठलाही एखादा सुटा भाग घेऊन ये, त्यांना दिसेल असा, त्यांच्या उजव्या बाजूला धरून. प्रिंटर उघड, तो भाग बसवल्यासारखं कर, आणि एक पान काढून त्यांच्या हातात दे. ते पान बघून काय म्हणतील ते मला माहीत आहे. म्हणतील, अजून कापतंय गं.

तू हो म्हण. त्यांच्याशी वाद घालू नकोस, मला बघून रडू नकोस, नुसतं हो म्हण आणि पुन्हा प्रिंटर उघड.

मामी